आठ रंग आणि एका बाइटचा हिशोब



आजच्या मुलांना स्क्रीनवरचा रंग आयता मिळतो. १९८२ साली ब्रिटनमध्ये आलेल्या झेडएक्स स्पेक्ट्रम या घरगुती संगणकावर मात्र रंगीत अक्षरांसाठी हिशोब करावा लागायचा. तो हिशोब सहावी-सातवीच्या मुलांना जरूर करायला द्या. जुनं मशीन नको, चौकटीची वही पुरते.

मेमरी पुरेना!
पडद्यावर आडवे २५६ आणि उभे १९२, म्हणजे एकूण ४९,१५२ ठिपके. प्रत्येक ठिपक्याला आठपैकी एक रंग द्यायचा तर ३ बिट लागतात, म्हणजे १८,४३२ बाइट. स्वस्त मॉडेलची रॅम होती १६,३८४ बाइट!

मग युक्ती केली. ठिपका फक्त चालू किंवा बंद : ६,१४४ बाइट. पडद्याचे ८×८ ठिपक्यांचे ७६८ चौकोन पाडले आणि प्रत्येक चौकोनाच्या रंगाला एकच बाइट दिला. एकूण ६,९१२ बाइट. किंमत एवढीच, की एका चौकोनात दोनच रंग : अक्षराचा 'इंक' आणि मागचा 'पेपर'.

रंगांचे आकडे
काळा ०, निळा १, लाल २, किरमिजी ३, हिरवा ४, आकाशी ५, पिवळा ६, पांढरा ७. आता मुलांना विचारा, लाल २ आणि हिरवा ४ मिळून किती? ६, म्हणजे पिवळा! "पण रंगपेटीत तर असं होत नाही," असं कुणीतरी म्हणेलच. तिथेच थांबा. रंगपेटीत रंगद्रव्य मिसळतं, पडद्यावर प्रकाश मिसळतो.

बाइट कसा बनतो?
इंक + (८ × पेपर). ठळक हवं तर ६४ मिळवा, लुकलुक हवी तर १२८. निळ्यावर पिवळं अक्षर : ६ + ८ = १४. तेच ठळक केलं तर ७८, वर लुकलुकतं केलं तर २०६. बेसिक भाषेत इंकचा आकडा लूपने १ ते ७ फिरवून दर वेळी एक अक्षर छापलं, की काळ्या पडद्यावर सप्तरंगी नाव तयार!

उपक्रम
१. वहीत ८×८ चौकोन आखा. आपल्या नावाचं पहिलं अक्षर घरं रंगवून काढा. रंग दोनच.
२. शेजारी-शेजारी चार चौकोन आखून त्यांत पोपट काढा. नियम तोच. हिरवं अंग, लाल चोच आणि पांढरा कागद एकाच चौकोनात आले, की एक रंग सोडावाच लागतो. मग मुलं चोच सरकवून शेजारच्या चौकोनात नेतात.

चोच का सरकवली, हे मुलांकडूनच वदवून घ्या. आहे त्या जागेत काम बसवणं म्हणजेच प्रोग्रॅमिंग, हे त्यांना वेगळं सांगावं लागणार नाही.