भट्टीचे अस्तर

बेकरीची भट्टी तुम्ही पाहिली असेल. आत पाव भाजत असतात. पण बाहेरून भिंत तितकी तापत नाही. भट्टीला आतून जो थर देतात, त्याला अस्तर म्हणतात.

समजा, छिन्नीला पाणी देण्यासाठी गुरुजींबरोबर कार्यशाळेत छोटी भट्टी बांधायची आहे. पोलाद सुमारे ८०० अंश सेल्सिअसपर्यंत तापवावे लागते. मग अस्तर कशाचे द्याल?

साधे काँक्रीट नको. त्यातील पाण्याची वाफ होऊन तुकडे उडू शकतात. अग्निमातीची वीट ही उष्णता सहज सोसते. पण उष्णता बाहेरही जाऊ देते. म्हणून तिच्यामागे हलकी, सच्छिद्र भट्टीची वीट लावावी. तिच्या छिद्रांतील हवा उष्णता अडवते. बांधकाम पूर्ण वाळू द्यावे. पहिली आच मंद ठेवावी.

कोणी म्हणेल, "ॲस्बेस्टॉसचा जुना पत्रा फुकट मिळतो, तो लावू." तो जळत नाही, हे खरे. पण तो तोडताना बारीक तंतू उडतात, श्वासाबरोबर फुप्फुसात जातात आणि अनेक वर्षांनी कर्करोग होऊ शकतो. तो मुळीच वापरू नका.

आगीत टिकणारी प्रत्येक वस्तू माणसाला सोसतेच असे नाही. अस्तर निवडताना दोघांचा विचार करा.

शब्दार्थ : आच – विस्तवाची उष्णता, सच्छिद्र – बारीक छिद्रे असलेले.

प्रश्न : अग्निमातीच्या विटेमागे हलकी वीट का लावतात?