बुरांश दूर आहे, पळस जवळ आहे



सातवीच्या वर्गात मी बुरांशचा, म्हणजे ऱ्होडोडेंड्रॉनचा फोटो दाखवला. उत्तराखंडचा राज्यवृक्ष, नेपाळचं राष्ट्रीय फूल. लालभडक घंटांचे झुपकेच्या झुपके! मुलांचा पहिला प्रश्न ठरलेला, "मॅडम, शाळेच्या बागेत लावू या ना!"

नाही लावता येणार. बुरांशला थंड हवा आणि आम्लधर्मी माती लागते. हिमालयात साधारण दीड हजार मीटरच्या वर तो रानात वाढतो, दक्षिणेत निलगिरीच्या डोंगरातही त्याचा भाऊबंद आहे. चांदवडची काळी, चुनखडीची माती आणि एप्रिल-मेचं ऊन त्याला सोसायचं नाही. मुलं हिरमुसली. पण पाठ तिथे थांबवायचं कारण नाही. त्याच फेब्रुवारी-मार्चमध्ये आपल्या डोंगरांच्या पायथ्याला पळस पेटलेला असतो. मुलं रोज एसटीतून बघतात, पण झाडाखाली जाऊन थांबलेली फारच थोडी.

तर वर्ग झाडाखाली न्या. "फूल कसं आहे?" एवढंच विचाराल तर चाळीस वह्यांत "सुंदर आहे" असं उत्तर मिळेल. (मला मिळालंय.) त्याऐवजी खाली पडलेलं फूल प्रत्येकाच्या हातात द्या आणि उलगडायला सांगा. एक मोठी पाकळी, बाजूला दोन पंख, आणि दोन पाकळ्या जुळून झालेली वाकडी चोच. संस्कृतात पळसाला किंशुक म्हणतात, "हा पोपट तर नव्हे?", ते मुलांना तेव्हा पटतं. चोचीच्या आत दहा पुंकेसर: नऊ जुळलेले, एक सुटा. बुरांशच्या घंटेतही पुंकेसर दहाच, पण सगळे सुटे.

मग वास घ्यायला सांगा. वास नाही! मग हे झाड बोलावतं कोणाला? इथे घाई करू नका, दहा मिनिटं गप्प बसवा. शिंजीर येतो, साळुंकी येते, बुलबुल येतो. लाल रंग पक्ष्यांना लांबून दिसतो, मधमाश्यांना मात्र तो नीटसा ओळखू येत नाही. मध पिताना पक्ष्याच्या डोक्याला पराग लागतात आणि पुढच्या फुलावर जातात. हिमालयात बुरांशच्या लाल फुलांवरही शिंजीर येतात. फोटोतलं झाड आणि समोरचं झाड इथे जोडलं जातं, ते मुलांनाच जोडू द्या.

'पळसाला पाने तीनच' ही म्हण सगळ्यांना पाठ असते. खरं तर ती तीन पानं नव्हेत, एकाच पानाच्या तीन पर्णिका आहेत. पण म्हणीशी भांडायला जाऊ नये.

आता माझी चूक सांगते. पहिल्या वर्षी मी "एकेक फूल घ्या" म्हटलं. चाळीस मुलांनी एकेक कसलं, ओंजळी भरल्या. कोणाला रंगपंचमीचा रंग करायचा होता, कोणाला आईला दाखवायचं होतं. मी कौतुकाने बघत राहिले. एप्रिलच्या शेवटी शेंगा पाहायला पुन्हा त्याच झाडाखाली गेलो. वरच्या फांद्यांवर चपट्या, लवदार, हिरव्या शेंगा लटकत होत्या, खालच्या फांद्यांवर जवळजवळ काहीच नाही. एका मुलीने विचारलं, "मॅडम, शेंगा वरच का आल्या?" मी उत्तर दिलं नाही. थोड्या वेळाने तिच्या शेजारचा मुलगाच हळू म्हणाला, "खालची फुलं आपण नेली."

खाली पडलेली एक शेंग आम्ही उघडली. मुलांना वाटलं, वाटाण्यासारखे दाणे ओळीने निघतील. निघालं एकच बी, अगदी टोकाला. पळसाच्या शास्त्रीय नावातल्या मोनोस्पर्माचा अर्थही तोच, एकबीजी.

तेव्हापासून आमच्याकडे पडलेल्याच फुलांवर पाठ होतो. रंगही त्यांचाच: सुकवायची, रात्रभर पाण्यात भिजवायची, सकाळी उकळून गाळायची. छान केशरी-पिवळा रंग येतो. यंदा खालच्या एका फांदीला मुलांनी सुतळी बांधून ठेवलीय. एप्रिलमध्ये तिथल्या शेंगा मोजायच्या आहेत.