चाळिशीचे शास्त्र

कला शाखेच्या विद्यार्थ्याने प्रकाशकिरणांवर लेख लिहावा, हे काहींना आगंतुकपणाचे वाटेल. दहावीनंतर आपण विज्ञानाचे पुस्तक मिटतो, ते बहुधा कायमचेच. परंतु त्यातील वक्र आरसे आणि भिंगे या प्रकरणाशी आपला रोज संबंध येतो, आणि वयाची चाळिशी उलटल्यावर तर तो टाळताच येत नाही. शाळेत आपण वस्तूच्या सहा स्थिती आणि त्यांच्या सहा प्रतिमा गुणांसाठी पाठ केल्या. त्या सर्वांच्या मुळाशी नियम दोनच आहेत. ते नियम आणि त्यांचा माणसाच्या पोटापाण्याशी असलेला संबंध थोडक्यात मांडण्याचा हा प्रयत्न आहे.

पहिला नियम परावर्तनाचा. किरण आरशावर जेथे पडतो, तेथे आरशाला काटकोनात एक रेषा कल्पावी. तिला स्तंभिका म्हणतात. किरण स्तंभिकेच्या एका बाजूने जेवढा कोन करून येतो, तेवढाच कोन करून दुसऱ्या बाजूने परत जातो. आरसा सपाट असो वा वक्र, नियम हाच. मात्र सपाट आरशाच्या सर्व स्तंभिका समांतर असतात, तर वक्र आरशात प्रत्येक बिंदूची स्तंभिका निराळ्या दिशेला असते. किरणाचा स्वभाव तोच राहतो. पृष्ठभागाचा आकार त्याची वाट ठरवतो.

अंतर्गोल आरशावर दुरून आलेले समांतर किरण परत फिरताना एका बिंदूपाशी गोळा होतात. ही त्या आरशाची नाभी. आरसा ज्या गोलाचा भाग असेल, त्याच्या त्रिज्येच्या निम्म्या अंतरावर ती असते. प्रकाश ज्या वाटेने येतो त्याच वाटेने उलटही जाऊ शकतो. म्हणून नाभीपाशी दिवा ठेवला तर त्याचे किरण समांतर होऊन बाहेर पडतात. रात्री पिकाला पाणी द्यायला जाणाऱ्याच्या हातातील बॅटरीचा झोत लांबवर जातो तो यामुळेच. मात्र गोलाकार आरशाच्या कडेचे किरण नेमके नाभीत येत नाहीत, म्हणून जेथे काटेकोरपणा हवा तेथे आरशाला अन्वस्त आकार देतात. शिर्डीच्या प्रसादालयासाठी २००९ साली सूर्यप्रकाश एकवटणाऱ्या ७३ मोठ्या तबकड्या बसवण्यात आल्या, त्या उष्णतेची वाफ करून अन्न शिजवण्यासाठी. पुणे जिल्ह्यातील गिरवली येथे २००६ साली सुरू झालेल्या वेधशाळेच्या दुर्बिणीत दोन मीटर व्यासाचा अंतर्गोल आरसा आहे. तो ताऱ्यांचा अंधुक प्रकाश याच रीतीने गोळा करतो.

बहिर्गोल आरशाचे वागणे नेमके उलटे. त्यावरून किरण फाकत जातात आणि आरशामागील एखाद्या बिंदूपासून निघाल्यासारखे भासतात. त्यात प्रतिमा नेहमी सुलट आणि लहान दिसते. परंतु लहान दिसल्यामुळेच तेवढ्या आरशात अधिक परिसर मावतो. घाटातील आंधळ्या वळणावर असा आरसा लावतात तो याचसाठी. त्यात समोरची गाडी आहे त्यापेक्षा दूर वाटते, हे मात्र चालकाने विसरू नये.

दुसरा नियम अपवर्तनाचा. हवेत प्रकाशाचा वेग सेकंदाला सुमारे तीन लाख किलोमीटर असतो. काचेत तो दोन लाखांच्या आसपास येतो. बैलगाडी कोरड्या वाटेवरून तिरपी चिखलात शिरली, तर जे चाक आधी रुतते त्या बाजूला गाडी वळते. किरणाचेही तसेच होते. तो तिरपा काचेत शिरताना वळतो आणि बाहेर पडताना पुन्हा वळतो. हॉलंडमधील स्नेल याने सुमारे १६२१ साली या वळण्याचे गणित मांडले.

मध्ये जाड आणि कडेला पातळ असे बहिर्गोल भिंग घेतले, तर प्रत्येक किरण जाड भागाकडे वळतो. वस्तू नाभीच्या पलीकडे असेल, तर किरण दुसऱ्या बाजूला एकत्र येऊन पडद्यावर उलटी प्रतिमा उमटते. वस्तू नाभीच्या अलीकडे आणली, तर भिंगाची ताकद किरणांना एकत्र आणण्यास पुरत नाही. ते फाकतात, पण पूर्वीपेक्षा कमी. अशा वेळी वस्तू आहे त्याहून दूर, मोठी आणि सुलट भासते. ही दूर भासण्याची गोष्टच चाळिशीच्या चष्म्याचे मर्म आहे.

आपल्या डोळ्यातही बहिर्गोल भिंग असते, आणि बाहेरच्या दृश्याची उलटी प्रतिमा दृष्टिपटलावर पडते. केप्लरने १६०४ साली हे दाखवून दिले. जवळचे पाहताना डोळ्यातील स्नायू या भिंगाला अधिक फुगीर होऊ देतात. वय वाढते तसे भिंग ताठर होते, फुगेनासे होते, आणि जवळची वस्तू अस्पष्ट दिसू लागते. त्यावरच्या चष्म्याला आपल्या भाषेत ‘चाळिशी’ म्हणतात, हे किती नेमके आहे!

माझे वडील गावात शिवणकाम करतात. आमच्या घरात कॉलेजात आलेला मी पहिलाच, आणि माझी फी त्याच शिलाई यंत्रावर निघते. चार वर्षांपूर्वी सुईत दोरा ओवायला ते मला हाक मारू लागले. सुई हात लांब करून उजेडाकडे धरायची, मग सोडून द्यायची. काजे करायचे काम त्यांनी घेणे थांबवले. “नजर गेली, आता धंदा किती दिवस चालणार?” असे ते आईला म्हणत. पुढे तालुक्याच्या गावी डोळे तपासले आणि अधिक दोन नंबरचा चष्मा मिळाला.

या दोन नंबराचा अर्थ मी नंतर मांडून पाहिला. भिंगाची शक्ती डायॉप्टरमध्ये मोजतात. एक भागिले मीटरमधील नाभीय अंतर म्हणजे ती शक्ती. ज्याला अर्ध्या मीटरच्या आत स्पष्ट दिसत नाही, त्याच्या डोळ्याला १ भागिले ०.५, म्हणजे २ डायॉप्टरपर्यंतच जमते. सुई पाव मीटरवर धरायची तर ४ हवेत. उणीव दोनाची. ती चष्मा भरून काढतो: पाव मीटरवरची सुई त्याच्यातून अर्ध्या मीटरवर भासते, आणि तेथपर्यंत डोळ्याला दिसतच असते. घरी चाळिशीचा चष्मा असेल तर वाचकांनी तो खिडकीसमोरच्या भिंतीपुढे धरून मागेपुढे करावा. बाहेरच्या झाडाची उलटी प्रतिमा भिंतीवर स्पष्ट होईल, तेव्हाचे अंतर पट्टीने मोजावे. ते पन्नास सेंटिमीटर भरले की नंबर दोन.

आमच्या घरचीच ही गोष्ट नव्हे. आसामच्या चहामळ्यांत चाळिशी ओलांडलेल्या मजुरांवर एक प्रयोग झाला, तो २०१८ साली ‘लॅन्सेट ग्लोबल हेल्थ’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. ज्यांना जवळचा चष्मा दिला, त्यांची पानांची खुडणी चष्मा न दिलेल्यांपेक्षा सुमारे २२ टक्के अधिक वाढली. इटलीत असे चष्मे तेराव्या शतकाच्या अखेरीस निघाले. आणि आजही कित्येक घरांत नजर गेली म्हणून हातातले काम सोडून दिले जाते.

राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरात आपण गावोगाव झाडे लावतो, रस्ते झाडतो. त्यातला एक दिवस डोळ्यांच्या डॉक्टरांना बरोबर घेऊन नेत्रतपासणीस द्यावा, अशी माझी सूचना आहे. मोतीबिंदू किंवा काचबिंदू चष्म्याने बरा होत नाही, म्हणून डॉक्टर हवेतच. नावे लिहिणे, वृद्धांना हात धरून आणणे आणि नजर गेली म्हणणाऱ्याला भिंगाची ही गोष्ट सोप्या शब्दांत सांगणे, एवढे तर कला शाखेच्या विद्यार्थ्याला निश्चितच जमेल.