मुलांच्या शपथेखाली मोठ्यांची सही



शाळेत किंवा युवक शिबिरात आपली मुले ‘दारूला हात लावणार नाही’ अशी शपथ घेतात. शपथ मनापासून असते. पण त्याच आठवड्यात कुठेतरी लग्न असते आणि मांडवामागे एखादे काका हसत म्हणतात, “अरे, दहावी झालास ना? घे एक घोट, काही होत नाही.” शपथ मुलाने घेतलेली असते, ती मोडायला मात्र मोठी माणसे हात देतात. अल्पवयीनांच्या मद्यपानाविरुद्ध तरुणांनी स्वतः जे प्रयत्न केले, त्यांतले काही आज आपण पाहू. त्यांतून एक धडा मिळतो: मुलांच्या शपथेखाली मोठ्यांचीही सही लागते.

दोघांचा करार

अमेरिकेत बॉस्टन शहराजवळ वेलँड नावाचे गाव आहे. १९८१ साली तेथील हायस्कूलच्या दोन विद्यार्थ्यांचा, दारू पिऊन गाडी चालवल्यामुळे झालेल्या अपघातांत मृत्यू झाला. तेथे आरोग्यशिक्षण देणारे रॉबर्ट अनास्तास आणि त्यांचे विद्यार्थी यांनी मिळून ‘सॅड’ ही विद्यार्थ्यांची संघटना सुरू केली.

मुलांनी घरोघरी एक करार नेला. त्यात मुलाने वचन द्यायचे की, मी प्यालेलो असेन किंवा ज्याच्या गाडीतून यायचे तो प्यालेला असेल, तर कोणत्याही वेळी, कोठूनही घरी फोन करीन. पालकांनी वचन द्यायचे की, आम्ही न्यायला येऊ, त्या वेळी प्रश्न विचारणार नाही, वाद घालणार नाही. बोलणे नंतर होईल. शिवाय पालकांनी स्वतःबद्दलही लिहून द्यायचे की, आम्ही जास्त प्यालो असू, तर गाडी न चालवता सुरक्षितपणे घरी येऊ.

यावर आक्षेप आला की, ‘प्यालास तर फोन कर’ असे म्हणणे म्हणजे पिण्याला परवानगीच देणे. हा आक्षेप विचार करण्यासारखा आहे. पण चुकीला संमती देणे वेगळे आणि चुकलेल्यासाठी दार उघडे ठेवणे वेगळे. उधळ्या पुत्राच्या बापाने मुलाच्या उधळपट्टीचे कौतुक केले नव्हते, तरी दुरून येणारा मुलगा त्याला दिसला आणि तो धावत गेला. पुढे १९९७ मध्ये संघटनेने आपले नाव बदलले आणि सर्वच घातक निर्णयांविरुद्ध काम करण्याचे ठरवले.

मोठ्यांना उद्देशून

अमेरिकेत मद्य विकत घेण्याचे किमान वय २१ आहे. मग मुलांच्या हाती बाटली येते कोठून? बऱ्याचदा मोठ्या भावाकडून, ओळखीच्या माणसाकडून, नाहीतर घरच्याच कपाटातून. हे ओळखून तेथील अनेक गावांत मुले दुकानदाराच्या परवानगीने बिअरच्या खोक्यांवर स्टिकर लावतात. अल्पवयीनाला दारू देणे गुन्हा आहे, असे त्यावर लिहिलेले असते. तो मजकूर मुलांसाठी नसून खोके विकत घेणाऱ्या मोठ्या माणसासाठी असतो.

आइसलँड या छोट्या देशात १९९८ साली १५-१६ वर्षांच्या मुलांपैकी ४२ टक्के मुले महिनाभरात एकदा तरी नशेत असल्याचे पाहणीत दिसले. २०१६ पर्यंत हे प्रमाण ५ टक्क्यांवर आले. तेथे केवळ व्याख्याने दिली गेली नाहीत. मुलांना खेळ आणि संगीताची सोय मिळाली, रात्री उशिरा बाहेर राहण्यावर बंधन आले आणि पालकांनी आपसांत करार करून ते पाळले.

आपल्याकडे

महाराष्ट्रात सौम्य बिअर व वाईनसाठी २१ आणि इतर मद्यासाठी २५ वर्षांची अट आहे. तरीही १९ मे २०२४ च्या पहाटे पुण्यात कल्याणीनगर येथे १७ वर्षांच्या मुलाच्या मोटारीने दोन तरुण अभियंत्यांचा बळी घेतला. मुलाला मद्य दिल्याच्या आरोपावरून बारचालकांना, आणि नंतर रक्ताचे नमुने बदलल्याच्या आरोपावरून डॉक्टरांनाही अटक झाली. मुलाच्या वडिलांनाही अटक झाली. एका मुलाच्या भोवती किती मोठी माणसे उभी होती, याचा आपण विचार करावा.

आशेची बाजूही आहे. ३१ डिसेंबरला ‘द दारूचा नव्हे, द दुधाचा’ असे म्हणत अंधश्रद्धा निर्मूलन समितीचे कार्यकर्ते गावोगावी दूध वाटतात. नुसते ‘नको’ म्हणण्यापेक्षा हातात दुसरा पेला देणे अधिक बरे.

विश्वासाच्या प्रकाशात

“येशूनेही काना येथील लग्नात द्राक्षारस दिला होता,” असे आपल्याकडे हमखास ऐकू येते. खरे आहे, द्राक्षारस ही देवाची देणगी आहे. पण त्या लग्नात लहानांचे पेले भरा, असे कोणी सांगितले नव्हते. संत थॉमस अक्वायनस यांनी मद्याबाबतच्या संयमाचा विचार करताना म्हटले आहे की, तरुणांना त्याची विशेष गरज आहे, कारण त्यांच्या इच्छा प्रबळ असतात. पण तेथेच ते वडीलधाऱ्यांचे आणि धर्माधिकाऱ्यांचेही नाव घेतात, कारण त्यांना इतरांना शिकवायचे असते. म्हणजे हा नियम आम्हां धर्मगुरूंनाही सुटत नाही.

घरी चर्चेसाठी

१. रात्री अडचणीत सापडल्यास आपला मुलगा किंवा मुलगी प्रथम कोणाला फोन करील? आपल्याला, की आपल्याला घाबरून दुसऱ्या कोणाला?

२. आपल्या घरच्या समारंभात मद्य कोण वाढतो? मुलांना त्यासाठी दुकानात पाठवले जाते का?

३. युवकांनो, लग्नघरी यजमानांना भेटून ‘लहानांना कोणी देऊ नये’ अशी विनंती तुम्ही कराल का?

या रविवारी जेवणाच्या टेबलावर एक कोरा कागद ठेवा. मुलांनी आपले वचन लिहावे, आईवडिलांनी आपले लिहावे आणि खाली सर्वांनी सही करावी. देव आपल्या कुटुंबांना आशीर्वाद देवो.

आपले धर्मगुरू