संदेश-फलक एक, कार्यप्रणाली अनेक

ग्रामपंचायतीच्या कार्यालयाबाहेर सूचना-फलक असतो. दूरध्वनीच्या तारेवरून पाहता येईल असा फलक संगणकावर उभारण्याची कल्पना शिकागो येथील वॉर्ड क्रिस्टेन्सन आणि रँडी स्यूस या हौशी तंत्रज्ञांनी १९७८ साली प्रत्यक्षात आणली. आपल्या संगणकावरून दूरध्वनी करावयाचा, फलकावरील मजकूर वाचावयाचा, आपला मजकूर ठेवावयाचा आणि तार दुसऱ्यासाठी मोकळी करावयाची, अशी ही व्यवस्था होती. पुढे असे फलक चालविणारे बहुतेक जण हौशीच होते व घरी जे यंत्र असेल त्यावरच त्यांना भागवावे लागे. यंत्रागणिक कार्यप्रणाली, म्हणजे संगणकाचा अंतर्गत कारभार पाहणारी ऑपरेटिंग सिस्टिम, वेगळी असे. एकीसाठी लिहिलेला प्रोग्रॅम दुसरीवर चालत नसे.

या भिन्नतेचा उपद्रव कधी कधी फार सूक्ष्म असे. क्रिस्टेन्सन यांची १९७७ मधील एक्समोडेम ही फाइल पाठविण्याची पद्धती फाइलचे १२८ बाइटांचे तुकडे करी. सीपी/एम या तत्कालीन कार्यप्रणालीत फाइलींची मोजदाद १२८ बाइटांच्या एककांनी होत असे. त्याच मापाचे हे तुकडे. शेवटचा तुकडा अपुरा असल्यास भरताड घालून पुरा केला जाई. सीपी/एमवर त्याचे काही बिघडत नसे. परंतु फाइलची लांबी नेमकी जपणाऱ्या कार्यप्रणालीवर तीच फाइल मुळापेक्षा मोठी होऊन पोहोचे. एका घरची रीत अशी दुसऱ्याच्या दारात जाऊन बसली.

सॅन फ्रान्सिस्कोचे टॉम जेनिंग्ज आणि बाल्टिमोरचे जॉन मॅडिल यांनी १९८४ मध्ये आपले फलक जोडून फायडोनेट या जाळ्याचा आरंभ केला. मॅडिल यांचे डीईसी रेनबो हे यंत्र एमएस-डॉस चालवू शके. तथापि त्याची घडण आयबीएम पीसीसारखी नव्हती. मोडेमशी व्यवहार करणारी चिप पीसीत एक, तर रेनबोत दुसरीच होती. डॉसची मोडेमविषयक सोय इतकी तोकडी की, फलकाच्या प्रोग्रॅमला थेट चिपशीच बोलावे लागे. कार्यप्रणालीचे नाव एक म्हणून यंत्र एक होत नाही, ते असे.

यावर हौशी मंडळींनी काढलेला तोडगा फॉसिल या नावाने ओळखला जातो. फलकाच्या प्रोग्रॅमने चिपला हात लावावयाचा नाही. अक्षर पाठवावे, आलेले अक्षर द्यावे, तार चालू आहे काय ते सांगावे, अशा ठरावीक मागण्या फॉसिलकडे करावयाच्या. एखाद्या यंत्रासाठी कोणी एकदा फॉसिल लिहिला, की या रीतीने लिहिलेला फलक त्यावर चालू लागे. तहसीलदार बदलले तरी अर्जाचा नमुना बदलत नाही, तसाच हा प्रकार. ओएस/२ व लिनक्स या प्रणाली चिपचा ताबा स्वतःकडेच ठेवतात. तेथे हा थर निराळ्या रीतीने बांधावा लागला. लिनक्सवरील इतर अडचणी किरकोळ पण चिवट होत्या. डॉस फाइलींच्या नावांतील मोठ्या व लहान रोमन अक्षरांत भेद मानत नाही, लिनक्स मानते. त्यामुळे डोळ्यांसमोर असलेली फाइलही प्रोग्रॅमला सापडत नसे.

प्रणाली कोणतीही असो, फायडोनेटवरील टपालाचा साचा मात्र लेखी ठरलेला होता. दोन बाइटांच्या आकड्यात कोणता बाइट आधी, परिच्छेद कोणत्या चिन्हाने संपवावा, हे त्यात नमूद होते. निरनिराळ्या यंत्रांचे टपाल एकमेकांना उलगडे, ते या कलमांमुळे. त्यांतील एक कलम मात्र महागात पडले. काही लेखन-प्रोग्रॅम ओळ आपोआप मोडल्याची खूण म्हणून १४१ क्रमांकाचे चिन्ह वापरीत. ते दुर्लक्षावे, असे ठरले. इंग्रजी अक्षरे १२८ च्या आतच संपत असल्याने इंग्रजी लिहिणाऱ्याचे काही गेले नाही. डॉसवरील रशियन अक्षरसंचात मात्र १४१ या क्रमांकावर 'न' या ध्वनीचे मोठे अक्षर होते. ते टपालातून गळू लागले. युनिकोड रुळण्यापूर्वी एका फाँटात टंकलेला मराठी मजकूर दुसऱ्या संगणकावर निरर्थक चिन्हांत उमटलेला ज्या कचेऱ्यांनी पाहिला, त्यांना हा त्रास निराळा समजावून सांगावयास नको. रशियन मंडळींनी त्या अक्षराच्या जागी हुबेहूब तसेच दिसणारे रोमन 'एच' घालण्याचा प्रघात पाडला. वाचणाऱ्याला फरक कळत नसे. परंतु तो शब्द संगणकाकरवी शोधू गेल्यास मिळत नसे.