लकडगंजात प्रवाळ जगेल का?

नागपूरच्या लकडगंज भागात लाकडाच्या वखारींपुढे सागाचे ओंडके रचून ठेवलेले तुम्ही पाहिले असतील. ओंडक्याच्या कापलेल्या तोंडावर एकाभोवती एक अशी वर्तुळे दिसतात. ती मोजली की झाडाचे वय साधारणपणे कळते, आणि वर्तुळ रुंद आहे की अरुंद यावरून ते वर्ष झाडाला कसे गेले याचाही अंदाज बांधता येतो. अशाच वार्षिक रेघा समुद्रातील एका प्राण्याच्या दगडी सांगाड्यातही असतात. १९७२ मध्ये नटसन, बडेमायर आणि स्मिथ या शास्त्रज्ञांनी पॅसिफिक महासागरातील एनिवेटॉक या कंकणद्वीपावरील प्रवाळांचे काप घेऊन त्यांची क्ष-किरण छायाचित्रे काढली, तेव्हा घट्ट आणि विरळ थरांच्या जोड्या स्पष्ट दिसल्या. एक जोडी म्हणजे एक वर्ष. भोवतालचे पाणी आणि प्रकाश ऋतूंप्रमाणे थोडे बदलतात आणि प्रवाळ तो बदल आपल्या सांगाड्यात नोंदवून ठेवतो.

यातील ‘थोडे’ हा शब्द महत्त्वाचा आहे. उष्ण कटिबंधातील समुद्राचे तापमान वर्षभरात काही अंशांनीच वरखाली होते. नागपुरात मात्र हिवाळ्यातील रात्री पारा दहा अंशांच्या खाली उतरतो आणि मे महिन्यात दुपारी ४५ अंशांच्या पलीकडे जातो. २३ मे २०१३ रोजी तो ४७.९ अंश सेल्सियसवर पोहोचला होता. अशा गावात, समुद्रापासून शेकडो किलोमीटर दूर, शंभर लिटर पाण्याच्या काचपेटीत प्रवाळ जिवंत ठेवायचे झाले, तर काय काय करावे लागेल? ठेवावे की ठेवू नये हा प्रश्न पुढे येईलच. आधी ते कसे जगते ते पाहू.

प्रवाळ हा प्राणी आहे. त्याचा एकेक जीव, म्हणजे पॉलिप, बहुधा काही मिलिमीटरच रुंद असतो. तो पाण्यातील कॅल्शियम घेऊन आपल्याखाली चुनखडीचा सांगाडा तयार करतो. परंतु उथळ समुद्रात प्रवाळभित्ती बांधणाऱ्या जातींच्या शरीरात सूक्ष्म शैवाले राहतात. एका चौरस सेंटीमीटरमध्ये त्यांची संख्या दहा लाखांच्या आसपास असू शकते. ही शैवाले प्रकाशसंश्लेषण करून अन्न तयार करतात आणि त्यातील मोठा वाटा यजमानाला देतात. म्हणजे हा प्राणी काही प्रमाणात झाडासारखा उन्हावर जगतो. (दागिन्यांतले तांबडे पोवळे निराळे. त्याच्यात अशी शैवाले नसतात, त्यामुळे ते खोल, अंधाऱ्या पाण्यातही वाढते.)

तेव्हा पहिली गरज प्रकाशाची. ट्यूबलाइट लावलेली खोली आपल्याला चांगली उजळलेली वाटते, पण तेथे प्रकाश दोन-तीनशे लक्सच असतो. बाहेर भर दुपारच्या उन्हात तो एक लाख लक्सच्या घरात जातो. डोळ्याची बाहुली लहानमोठी होते आणि दृष्टिपटलही जुळवून घेतो, म्हणून हा शेकडो पटींचा फरक आपल्याला जाणवत नाही. शैवालाला मात्र तो जाणवतो. डोळा हे प्रकाश मोजण्याचे चांगले उपकरण नव्हे, हे येथे लक्षात ठेवावे.

दुसरी गोष्ट रंगाची. समुद्राचे पाणी सर्व रंग सारखे शोषत नाही. तांबडा प्रकाश पहिल्या काही मीटरांतच बराचसा शोषला जातो. निळा सर्वांत खोल जातो. म्हणून प्रवाळातील शैवालांकडे हरितद्रव्याबरोबर निळा-हिरवा प्रकाश पकडणारे पेरिडिनिन नावाचे रंगद्रव्यही असते. प्रवाळपेट्यांवरील एलईडी दिवे निळसर का असतात, याचे कारण यात आहे. त्यांत ४५० नॅनोमीटरच्या आसपासच्या तरंगलांबीचा प्रकाश भरपूर असतो. लक्स हे माप आपल्या डोळ्याच्या संवेदनेवर आधारलेले आहे आणि डोळ्याला निळा प्रकाश मंद वाटतो. त्यामुळे असा दिवा लक्समापकावर फिका दिसला, तरी शैवालाला पुरेसा असू शकतो.

मग दिवा जितका प्रखर तितके बरे का? तसे नाही. प्रकाश अति झाला की शैवालांच्या पेशींत ऑक्सिजनची घातक रूपे तयार होतात. पाणीही तापलेले असेल, तर हा त्रास वाढतो आणि शैवाले प्रवाळाच्या शरीरातून बाहेर पडतात. पारदर्शक ऊतींतून पांढरा सांगाडा दिसू लागतो. यालाच प्रवाळाचे विरंजन म्हणतात. विरंजित प्रवाळ लगेच मरत नाही, पण ते उपाशी असते. समुद्रात उन्हाळ्याच्या नेहमीच्या कमाल तापमानापेक्षा एखादाच अंश जास्त तापमान काही आठवडे टिकले, तरी विरंजन होऊ शकते. लक्षद्वीपच्या प्रवाळांचे १९९८, २०१० आणि २०१६ मध्ये मोठे विरंजन झाले. म्हणून पेटीवरचा दिवा हळूहळू वाढवीत न्यावा लागतो, आणि तो रोज ठरल्या वेळी आठ-दहा तासच लागावा यासाठी टायमर बसवितात.

आता उष्णतेचा हिशेब करू. शंभर वॅटचा दिवा दहा तास लावला तर ३६०० किलोजूल ऊर्जा खर्च होते. शंभर लिटर पाण्याचे तापमान एक अंशाने वाढविण्यास सुमारे ४२० किलोजूल लागतात. ती सारी ऊर्जा पाण्यातच राहिली, तर पाणी साडेआठ अंशांनी तापेल! प्रत्यक्षात बराच भाग हवेत जातो. पण मे महिन्यात लकडगंजातल्या खोलीची हवाच ३८-४० अंशांवर असेल, तर ती पाण्याची उष्णता घेण्याऐवजी पाण्याला उष्णता देते. प्रवाळाला हवे असते २५ ते २७ अंश.

येथे नागपूरकरांच्या ओळखीची युक्ती कामी येते. माठातले पाणी का गार होते? बाष्पीभवनाने. एक लिटर पाण्याची वाफ होताना सुमारे २४०० किलोजूल अप्रकट उष्मा खर्च होतो. म्हणजे दिव्याचे ते ३६०० किलोजूल घालविण्यास दीड लिटर पाणी उडून जाणे पुरेसे आहे. पेटीवर काचेचे झाकण न ठेवता जाळी ठेवून लहान पंखा लावला, की मे महिन्याच्या कोरड्या हवेत पाणी खोलीपेक्षा बरेच थंड राहते. पण पावसाळा लागला की घरातला कूलर कसा निकामी होतो, हे तुम्हाला ठाऊक आहे. पेटीवरच्या पंख्याचेही तसेच होते. हवेत आधीच भरपूर बाष्प असल्याने पाणी उडत नाही. जुलैची हवा मेपेक्षा थंड असूनही या पंख्याला जुलै अधिक कठीण जातो. तेव्हा विजेवर चालणारे शीतक यंत्र घ्यावे लागते, आणि वीज गेली की तेही थांबते.

पाणी उडते, पण मीठ उडत नाही. समुद्राच्या पाण्यात लिटरमागे सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. शंभर लिटरांत साडेतीन किलो. चार लिटर पाणी उडाले की उरलेल्या ९६ लिटरांत तेवढेच क्षार राहतात, म्हणजे लिटरमागे साडेछत्तीस ग्रॅम. दहा लिटर उडाले तर जवळजवळ एकोणचाळीस. पुष्कळजण येथे पातळी भरून काढण्यासाठी खारे पाणीच ओततात आणि क्षारता आणखी वाढवितात. ओतायचे ते गोडे, क्लोरीन नसलेले पाणी; तेही एकदम बादलीभर नव्हे, थोडे थोडे. कूलरच्या टाकीत पाण्याची पातळी राखणारा तरंगता गोळा असतो, त्याच तत्त्वावर हे आपोआप करता येते.

पाण्याचे रसायनही असेच धरून ठेवावे लागते. प्रवाळ वाढताना कॅल्शियम वापरते, ते पुन्हा घालावे लागते. माशांच्या मलमूत्रातून होणाऱ्या अमोनियाचे नायट्रेट करणारे जीवाणू वाळूत आणि दगडांवर स्थिरावण्यास काही आठवडे जातात. तोपर्यंत पेटीत काही सोडू नये. या सगळ्यात समुद्राचे बळ एकच: त्याचा आकार. अथांग पाण्यात बदल सावकाश होतात. शंभर लिटरांत ते एका दुपारी होतात आणि ते टाळण्याचे काम पाळणाऱ्यावर येते. ज्याला महिनाभर मामाच्या गावाला जायचे आहे, त्याने या फंदात पडू नये.

आता राहिलेला प्रश्न. आपल्या देशात २००१ पासून सर्व दगडी प्रवाळांना १९७२ च्या वन्यजीव (संरक्षण) अधिनियमाखाली वाघाइतकेच कडक संरक्षण आहे. जिवंत प्रवाळ समुद्रातून काढणे हा गुन्हा आहेच. शोभेचा मृत तुकडा विकत घेणेही कायद्यात बसत नाही. मुंबईच्या सागरी किनारा मार्गाच्या कामात प्रवाळांच्या थोड्या वसाहती आड आल्या, तेव्हा त्याही परवानगी घेऊन दुसरीकडे हलवाव्या लागल्या. तेव्हा घरी किंवा शाळेत प्रवाळ आणू नका. ते पाहायचे तर मालवणच्या समुद्रात किंवा कच्छच्या आखातातील सागरी राष्ट्रीय उद्यानात, ओहोटीच्या वेळी, जाणत्या माणसाबरोबर पाहावे.

अभ्यास मात्र प्रवाळाशिवायही होतो. चंचुपात्रात पाणी घेऊन त्यात चिमूटभर खाण्याचा सोडा टाका. हायड्रिलाच्या फांद्या नरसाळ्याखाली ठेवा आणि नरसाळ्यावर पाण्याने भरलेली परीक्षानळी उलटी बसवा. टेबलावरचा दिवा १०, २० आणि ३० सेंटीमीटरवर ठेवून मिनिटाला किती बुडबुडे येतात ते मोजा. दिवा आणि पात्र यांच्यामध्ये पाण्याने भरलेली काचेची बरणी ठेवा, म्हणजे दिव्याची उष्णता अडेल. मग तांबडा, निळा आणि हिरवा जिलेटिन कागद लावून पाहा. कागद प्रकाशही सारखाच अडवीत नाहीत, हे ध्यानात घेऊन निष्कर्ष काढा.

दुसरा प्रयोग मे महिन्यातच करावा. एक लिटरचे भांडे आणि वीस लिटरची बादली एकाच खोलीत ठेवा. दोन्हींत लिटरमागे ३५ ग्रॅम मीठ विरघळवा आणि पातळीवर खूण करा. सकाळी सहापासून रात्री दहापर्यंत दर दोन तासांनी तापमान घ्या. तापमापके दोन वापरा आणि आधी ती एकाच पाण्यात बुडवून एकमेकांशी ताडून घ्या. ३० मे २०२४ रोजी नागपुरातील एका स्वयंचलित हवामान केंद्राने ५६ अंश असा आकडा दाखविला होता. तो उपकरणाच्या दोषामुळे आल्याचे हवामान खात्याला नंतर सांगावे लागले. आठवडाभराचे आकडे आलेखावर मांडा. भांड्याची रेघ बादलीच्या रेघेपेक्षा किती उंच चढते आणि किती खाली उतरते ते पाहा. नंतर एका बादलीवर पंखा लावून हाच प्रयोग पुन्हा करा आणि दिवसाकाठी किती पाणी उडाले, त्यावरून किती किलोजूल उष्णता गेली, याचा हिशेब वहीत लिहा. शक्य झाल्यास जुलैत, पाऊस सुरू असताना, तोच हिशेब परत करा.