परतभेट

घरी आलेल्या पाहुण्याला रिक्त हस्ते निरोप द्यावयाचा नाही, ही महाराष्ट्रातील जुनी रीत आहे. हळदीकुंकवास आलेल्या सुवासिनीला वाण मिळते. माहेरी आलेली लेक सासरी निघाली की तिची ओटी भरतात. लहान मुलांच्या वाट्यास येणारा असाच एक सोहळा म्हणजे बोरन्हाण. मकरसंक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत एखाद्या दिवशी घरातील लहानग्यास हलव्याचे दागिने घालून पाटावर बसवितात आणि त्याच्या डोक्यावरून बोरे, चुरमुरे, उसाचे करवे, भुईमुगाच्या शेंगा ओततात. भोवती जमलेली मुले तो खाऊ लुटतात. या लुटीत मौज पुष्कळ, परंतु न्याय थोडा! मोठी मुले ओंजळी भरभरून घेतात आणि जे मूल नुकतेच चालू लागलेले असते, ते रित्या हातांनी आईच्या तोंडाकडे पाहत राहते. म्हणून समंजस गृहिणी प्रत्येकासाठी एकेक पुडी आधीच बाजूला बांधून ठेवतात.

वाढदिवसाला येणाऱ्या बालमित्रांना निघताना काहीतरी द्यावयाचे, ही चाल मात्र अलीकडची. पूर्वी वाढदिवस औक्षणाने व गोडाच्या जेवणाने साजरा होई. आता मित्र भेटवस्तू घेऊन येतात आणि जाताना त्यांच्या हाती परतभेट पडते. ही परतभेट निवडणे वाटते तितके सोपे नाही.

सावंतवाडीतील एका घरी धाकट्या मुलाचा तिसरा वाढदिवस होता. दोन ते सहा वर्षांची दहा मुले येणार होती. त्यांच्यासाठी परतभेट आणण्याचे काम सातवीत शिकणाऱ्या थोरल्या बहिणीवर सोपविण्यात आले. बाबांनी तिच्या हाती पाचशे रुपये ठेवले. दर मुलामागे पन्नास रुपये, त्यातच खाऊही बसवायचा, असा हिशेब ठरला. सोबतीला आजी होती.

बाजारात एका दुकानी तयार पाकिटे टांगलेली होती. आत शिट्टी, चार रंगीत फुगे, मण्यांची माळ, लहानसा चेंडू आणि लुकलुकणारी अंगठी. मागच्या महिन्यात एका मैत्रिणीच्या घरी अशीच पाकिटे वाटली होती. आपले घर तिच्याहून उणे पडू नये, असे मुलीच्या मनाने घेतले होते. तिने पाकिटाला हात घातला, तोच आजीने विचारले,

"येणाऱ्यांत सर्वांत लहान कोण?"

"शेजारच्या काकूंची छकुली. दोन वर्षांची."

"मग छकुलीचे तोंड डोळ्यांपुढे आण आणि पाकिटात काय काय आहे ते पाहा."

आजीचे म्हणणे साधे होते. त्या वयाच्या मुलाला जग कळते ते तोंडाने. हाती आलेली वस्तू ते प्रथम चाखून पाहते, आणि त्याची श्वासनलिका तर फार अरुंद असते. खेळणी तपासणाऱ्यांजवळ यासाठी एक छोटी नळकांडी असते. तिचा व्यास ३१.७ मिलिमीटर. जी वस्तू किंवा वस्तूचा जो सुटा भाग तीत पूर्णपणे मावतो, तो तीन वर्षांखालील मुलाच्या खेळण्यात असता कामा नये. चेंडूची कसोटी याहूनही कडक आहे, ४४.५ मिलिमीटरपेक्षा लहान चेंडू त्या वयाला वर्ज्यच. टेबल टेनिसचा चेंडू ४० मिलिमीटरचा असतो, म्हणजे तोही नापास! फुटलेल्या फुग्याचा तुकडा घशात झाकणासारखा बसतो. त्याचे भय आठ वर्षांच्या मुलालाही असते. पण पाकिटातील सर्वांत वाईट वस्तू ती लुकलुकणारी अंगठी. तिच्या पोटात बटणाएवढी बॅटरी असते. ती गिळली जाऊन अन्ननलिकेत अडकली, तर दोन तासांच्या आत तेथे खोल भाजल्यासारखी जखम होऊ शकते. अशा वेळी क्षणाचाही विलंब न लावता रुग्णालय गाठावे लागते.

पाकिटावर करणाऱ्याचे नाव नव्हते आणि आय.एस.आय. चिन्हही नव्हते. चौदा वर्षांखालील मुलांच्या खेळण्यांवर हे चिन्ह असणे १ जानेवारी २०२१ पासून बंधनकारक आहे. नोंदणीकृत हस्तकारागिरांच्या खेळण्यांना मात्र त्यातून सूट आहे. तेथे गिऱ्हाइकाने स्वतःचे डोळे वापरावे.

सावंतवाडीत तशी खेळणी शोधावी लागत नाहीत. तेथील लाकडी फळे प्रसिद्धच आहेत आणि ती करणाऱ्यांची चितारआळीही. मुलीने एक लाकडी आंबा उचलला. रंग असा की हापूसच हाती आल्याचा भास व्हावा! आजीने त्याचा देठ ओढून पाहिला. तो किंचित हलला. भोवऱ्याला लोखंडी आर होती. बिनदेठाची केळी निर्धोक होती, पण दहा घ्यावयाची तर पैसे पुरत नव्हते.

मुलगी हिरमुसली. "छकुलीला केळे देऊ, बाकीच्यांना पाकिटे देऊ," ती म्हणाली.

"या वयाची मुले आपले सोडून दुसऱ्याच्या हातात काय आहे, तेच आधी पाहतात," आजी म्हणाली. "आणि मोठ्याचे पाकीट फुटते ते धाकट्याच्याच मांडीवर. शिवाय आपल्या घरी तरी कोण आहे? तीन वर्षांचाच ना?"

परतताना आजी शिंप्याच्या दुकानी थांबली आणि रंगीबेरंगी कातरणांची पिशवी घेऊन निघाली. पुढच्या चार संध्याकाळी दोघी चिंध्यांचे चेंडू करीत बसल्या. कातरण घट्ट गुंडाळायचे, मोसंबीएवढे झाले की वर अभ्रा शिवायचा. आत धान्य भरायचे नाही, वर बटणाचे डोळे लावायचे नाहीत, घुंगरू तर नाहीच. प्रत्येक शिवण दोघींनी दोन बाजूंनी ओढून पाहिली. एक उसवली, ती दुहेरी दोऱ्याने पुन्हा शिवली. खाऊ म्हणून राजगिऱ्याचे लाडू आणले. शेंगदाण्याची चिक्की मुलीला अधिक आवडे, परंतु लहान मुलाच्या घशात शेंगदाणा चटकन अडकतो. खर्च दोनशेच्याही आत राहिला.

वाढदिवसाच्या दिवशी पाहुणे निघाले. सहा वर्षांच्या एका मुलाने पिशवीत डोकावून मोठ्याने विचारले, "एवढेच?" मुलीचा चेहरा उतरला. ती काही बोलणार, इतक्यात त्याच मुलाच्या पाठीत मागून एक चेंडू धपकन बसला. त्याने वळून आपला भिरकावला. पाहता पाहता अंगणात आबाधुबी सुरू झाली आणि मुलांना घरी नेण्यास आलेल्या आया अर्धा तास पायरीवर ताटकळल्या.

छकुली त्या गडबडीत नव्हती. ती उंबऱ्यावर बसून दोन्ही हातांनी चेंडू तोंडात घालू पाहत होती. तिने तो उजवीकडून लावून पाहिला, डावीकडून लावून पाहिला. चेंडू काही आत जाईना. शेवटी तिने तो ओला झालेला चेंडू आजीच्या मांडीवर ठेवला आणि लाडवासाठी हात पुढे केला.